डिझेलची गाडी आणि मागून हाक

आमच्या घरात बाबांना मागून हाक मारायला बंदी होती. माणूस कामाला निघाला की त्याला मागून हाक मारू नये, एवढं तर सगळीकडेच पाळतात. पण आमच्याकडे बाबा कुठेही निघालेले नसले, पडवीत पाठमोरे बसून पेपर चाळत असले, तरी तोच कायदा. काही सांगायचं असेल तर त्यांच्या पुढ्यात जायचं, ते वर बघेपर्यंत थांबायचं आणि मग तोंड उघडायचं. चुकून लांबून "बाबा" अशी हाक गेलीच, तर आई डोळे वटारत बाहेर यायची. "त्यांचं काम लोखंडाचं हाय. मागून हाक मारून ठेवशील आणि तिकडं कायतरी पडेल अंगावर." कॉलेजात जायला लागल्यावर मी या प्रकाराला नाक मुरडायला लागले, पण नियम मोडायची हिंमत कधी केली नाही. आईच्या समजुतींमध्ये ही त्यातल्या त्यात निरुपद्रवी होती, असं मी माझ्या मैत्रिणींना सांगायचे.

आम्ही रोडपालीचे. भातशेती आणि मिठागराचा तुकडा सरकारने घेतला, तेव्हा बाबा तरुण होते. शेजारी कळंबोलीला लोखंडाचा बाजार उभा राहिला आणि बाबा तिथे मुकादम झाले. ट्रेलर यायचे, सळ्यांचे भारे क्रेनने उतरायचे, आणि ते उतरताना जो आवाज व्हायचा तो आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. बाबा दिवसभर त्या आवाजाच्या पोटातच उभे असायचे. घरी आले की टीव्ही मोठा लावायचे आणि आपल्याच तंद्रीत बसायचे. आपण काही विचारलं तर "हां हां" म्हणायचे. त्या "हां हां"च्या जोरावर मी आणि माझ्या मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, कितीतरी परवानग्या मिळवल्या आणि नंतर त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या.

बाबांकडे एक जुनी, वजनदार फटफटी होती. तिचा धडधडाट हमरस्त्यावरून गावात वळतानाच कळायचा आणि आई चहाचं आधण चढवायची. पण आईचे गुडघे कुरकुरायला लागले, तिला फटफटीवर टांग टाकून बसणं जमेना, आणि गाडी घ्यायची बोलणी सुरू झाली. गाडीची खरी गरज होती ती आईच्या माहेरी जाण्यासाठी.

आईचं माहेर नागोठण्याच्या पुढे, रोह्याच्या वाटेवरचं. लांब म्हणावं असं नाही, पण आईला गाडी लागायची. साधीसुधी नाही. एसटीत चढून डिझेलचा वास नाकात गेला की पेण यायच्या आत तिच्या पोटातलं सगळं बाहेर. भाच्याच्या, म्हणजे मामाच्या मुलाच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा मंडपात पोचली ती आडवी होऊनच. पहिली हळद आत्याने, म्हणजे आईने लावायची म्हणून सगळे खोळंबले, शेवटी धाकट्या मावशीने लावली, आणि आई आतल्या खोलीत तोंडावर ओला फडका घेऊन पडून राहिली. त्यानंतर ती माहेरी गेलीच नाही. विचारलं तर म्हणायची, "घर कोणी बघायचं?" आता त्याच मामाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. माहेरचं हे शेवटचंच लग्न. या हळदीला आई मंडपात उभी असणार की पुन्हा आत पडून राहणार, हा आमच्या घरातला प्रश्न होता. पेट्रोल की डिझेल हा त्याच्या मागून आला.

त्या काळात पनवेलमध्ये या प्रश्नावर मत नसलेला माणूस सापडणं कठीण होतं. डिझेलवाले पेट्रोलवाल्यांना उधळे समजायचे आणि पेट्रोलवाले डिझेलवाल्यांना टेम्पोवाले. डिझेल तेव्हा पेट्रोलच्या मानाने फारच स्वस्त होतं, त्यामुळे डिझेलवाल्यांचा आवाज चढा असायचा. तसा तो त्यांच्या गाड्यांचाही असायचा. मी कट्टर पेट्रोलवाली. मला मऊ, गुळगुळीत, आवाज न करता दारात येऊन थांबणारी गाडी हवी होती, जी बघून माझ्या कॉलेजातल्या पोरींनी माना वळवल्या असत्या. पण हे मी बोलायचे नाही. मी फक्त आईचं नाव पुढे करायचे. "आईला डिझेलचा वास सोसत नाही," एवढं म्हटलं की वाद संपायला हवा होता.

तो संपत नव्हता, कारण बाबा अडून बसले होते. "डिझेल परवडतं," ते म्हणायचे. दादा म्हणायचा, वर्षातून चारदा बाहेर पडणार, त्यात काय परवडणार? मग बाबा म्हणायचे, डिझेलचं इंजिन राकट, मरत नाय. आम्ही म्हणायचो, आम्हाला त्याच्यावर नातवंडं वाढवायची नाहीत. मग ते म्हणायचे, पेट्रोलची गाडी म्हणजे खेळणं, हातात काय लागत नाय. दर वेळी नवं कारण. माझं तर डोकंच फिरायचं. स्वतःच्या बायकोच्या उलट्यांपेक्षा या माणसाला इंजिनाचा राकटपणा जास्त, असं मी एकदा आईला बोलूनही दाखवलं. आई आणि मी वाल सोलत होतो. ती म्हणाली, "तुला काय कळतं? गप सोल."

शेवटी दादाने कळंबोलीच्या एका मिस्त्रीला गाठलं. ट्रकची इंजिनं बांधता बांधता तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्रीही करायचा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. चाचाकडे तेव्हा दोन गाड्या विकायला होत्या. एक पनवेलच्या एका डॉक्टरांची, पांढरी, छोटी, पेट्रोलची, आतून अजून नव्यासारखी. दुसरी दुधी रंगाची, जुन्या चौकोनी घाटाची. ती मुळात पेट्रोलचीच होती, पण चाचाने तिला डिझेलचं इंजिन बसवलं होतं. तसं करण्याची तेव्हा लाटच होती. "दोन्ही चलाके देखो," चाचा म्हणाला. "भाभीलाही बसवा. जिस में तबियत खुश, वो ले जाव."

एका रविवारी आम्ही चौघं गेलो. आधी डिझेलची काढली. आईला पुढे बसवलं, कारण पुढे कमी लागतं म्हणतात. बाबांनी किल्ली अर्धी फिरवली, इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबले, मग चालू केली. मागून काळा धूर निघाला आणि आतलं सगळं थरथरायला लागलं. काचा, दारं, आमचे दातसुद्धा. बाबांनी ती गाडी अशी चालवली की बघत राहावं. बाजारातल्या एका व्यापाऱ्याची जीप त्यांनी बरीच वर्षं चालवली होती, तो हात अजून बसलेला होता. ट्रेलरच्या रांगांमधून, खड्डे चुकवत, एका हाताने. परत आलो तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. आई मात्र उतरली ती पदर नाकाला लावूनच. गॅरेजच्या दारात टायरांचा ढीग होता, त्यावर ती बसली आणि चाचाने दिलेल्या पाण्याचे घोट घेत राहिली. चेहरा पिवळाफटक.

मग डॉक्टरांची गाडी. चाचाने स्वतः चालू करून दिली आणि बाबांना आत बसायला सांगून तो आमच्याबरोबर मागे बसला. गाडी इतकी शांत की बाहेरच्या कावळ्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. बाबांनी दार लावलं, आरसा नीट केला, आणि किल्ली फिरवली. दातांवर करवत फिरावी तसा करकर आवाज आला. "अरे मुकादम, चालू है गाडी!" चाचा हसत ओरडला. आम्हीही हसलो. बाबाही हसले, पण आमच्यानंतर. "सवय नाय," ते म्हणाले.

हमरस्त्याच्या नाक्यावर जरा गर्दी होती. बाबांनी गाडी थांबवली, पुढचा टेम्पो सरकला, बाबांनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. यात विशेष काही नाही, नव्या गाडीत कोणाचीही पडते. पण बाबांनी ती पुन्हा चालू केलीच नाही. ते गिअर टाकत होते, पाय दाबत होते, आणि गाडी का सरकत नाही म्हणून समोर बघत होते. मागे एक ट्रेलर उभा होता. त्याने हॉर्न दिला. ट्रेलरचा हॉर्न काय असतो ते कळंबोलीत राहणाऱ्याला सांगायला नको. मी कानांवर हात घेतले. बाबांनी मान वळवली नाही, आरशातही पाहिलं नाही. दादा आणि चाचा एकदम ओरडले, "बंद पडलीय, बंद!" बाबा पाय दाबतच राहिले.

आई एक अक्षर बोलली नाही. तिने दोन बोटांनी बाबांच्या गुडघ्यावर टकटक केलं, अंगठ्याने मागे दाखवलं आणि मग किल्लीकडे बोट केलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, किल्ली फिरवली, गाडी निघाली. हे सगळं इतक्या सहज झालं, की दादाच्या किंवा चाचाच्या ध्यानातही आलं नाही. दादा एवढंच म्हणाला, बाबांना ही गाडी अजून जमत नाही. मी मात्र मागच्या सीटवरून त्या गुडघ्याकडेच बघत होते. ती टकटक नवी नव्हती. त्या दोन बोटांना आणि त्या गुडघ्याला एकमेकांची कित्येक वर्षांची ओळख होती.

चाचा आमच्याबरोबरच घरी आला, निकाल ऐकायला. खरं तर निकाल लागलेलाच होता. एका गाडीतून आई पिवळी होऊन उतरली, दुसरीतून हसतखेळत. बाबा पडवीत बसले आणि म्हणाले, "पेट्रोलची घेऊ. तिला सोसत नाय डिझेल. पोरगा चालवील, मी मागं बसंन."

दादा खूष झाला. ज्या माणसाने आपल्या फटफटीला कधी कोणाला हात लावू दिला नाही, तो "मी मागं बसंन" म्हणत होता, आणि म्हणताना स्वतःच्या तळहाताकडे बघत होता. आठवडाभर मी ज्यासाठी भांडत होते ते मला मिळालं होतं. आणि ते मला नको झालं होतं.

आई चहा घेऊन बाहेर आली. कपाची ताटली बाबांच्या पुढ्यात धरून थांबली. ते वर बघेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "डिझेलची घ्या."

"अगं, टायरावर बसली होतीस तू!" दादा ओरडला.

"ते उन्हानं. पेट्रोलच्या वासानं माझं डोकं चढलंय. त्या गाडीत मी नाय बसायची."

चाचाने कपाळावर हात मारला. आपण कित्येक वर्षं गाड्या विकतो, पण पेट्रोल लागतं आणि डिझेल चालतं अशी भाभी पहिल्यांदा बघितली, म्हणाला. आईने त्याला आणखी एक खारी दिली. बाबा तिच्याकडे बघत होते. चहा त्यांनी बशीत ओतून घेतला, आणि ते फक्त मन शांत असेल तेव्हाच बशीतून प्यायचे.

मी आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. "किती वर्षं?" मी विचारलं.

तिने कसलं किती वर्षं असं विचारलं नाही. "तू शाळेत जायला लागली, तवापासून कमी होत गेलं. आता समोर तोंड असलं तर समजतं. इंजिन थरथरलं तर समजतं. मागचं काय नाय."

"मग ते मागून हाक मारायची नाही..."

"ल्हान पोरांना काय सांगणार? तुमच्या बाबाला आयकू येत नाय म्हणून? पोरं बाहेर बोलतात. अपशकुन सांगितला की पोरं गप आयकतात." ती भांडी घासायला बसली होती. "बाजारात कळलं तर मुकादमकी जाईल. क्रेनखाली उभा राहणारा माणूस हाक आयकणाराच पायजे त्यांना."

माझ्या डोक्यात एकाच वेळी दहा गोष्टी आल्या. ती सगळी "हां हां". मोठा टीव्ही. कोणी बोलत असताना तोंडाकडे रोखून बघायची त्यांची पद्धत, जिला आम्ही दरारा समजत होतो. मला रडू आलं आणि रागही आला. डॉक्टरकडे जायला नको का, मी म्हटलं. अशा माणसाने रस्त्यावर गाडी चालवावी का? क्रेनखाली उभं तरी राहावं का?

"ते मान वर करून दहादा बघतात. कान असलेले एकदा पण बघत नाय."

हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. आज माझ्या घरात असं कोणी असेल, तर मी गाडीची किल्ली लपवून ठेवीन आणि त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेईन. पण आईपुढे मी हे फार ताणलं नाही, कारण पुढचा प्रश्न माझ्यासाठी त्याहून मोठा होता. "आणि तुझ्या हळदीचं काय? पुन्हा आडवी पडणार तू."

"एक दिस आधी जाऊ," आई म्हणाली. "उलटी होऊन जाईल, रात्री झोपेन, सकाळी हळदीला उभी. उलटीचं काय, तोंड धुतलं की संपलं. ते मागं बसले असते, तर त्यांच्या मनाला लागलेलं कशानं धुतलं असतं?"

दुधी गाडी दारात आली. दादा दोन दिवस रुसला. आम्ही हळदीच्या आदल्या दिवशी निघालो. आईने गालात आमसूल धरलं होतं, मांडीवर लिंबू, पायाशी पाण्याची बाटली आणि एक प्लास्टिकची पिशवी. पळस्प्याला ती गप्प झाली. पेणला तिने डोळे मिटले. वडखळच्या अलीकडे तिने बाबांच्या गुडघ्यावर एकदा जोरात थाप मारली. बाबांनी लगेच गाडी बाजूला घेतली. ती उतरली, रस्त्याकडेला वाकली, बाबा तिची पाठ धरून उभे राहिले, मी पाणी दिलं. तोंड धुऊन ती पुन्हा पुढेच बसली. नागोठण्याला परत तेच. खिंडीत पुन्हा एकदा. आणि या सगळ्यात, डोळे अर्धे मिटलेले असताना, मागून ट्रक आला की तिची दोन बोटं त्या गुडघ्यावर जायची. एकदा टकटक म्हणजे मागे कोणी आहे. दोनदा म्हणजे जाऊ द्या त्याला. मी मागे बसून बघत होते. बाबा बाकी राजासारखे चालवत होते, खिडकीबाहेर कोपर काढून.

मामाच्या अंगणात आई उतरली ती भिंतीला धरूनच, आणि संध्याकाळी तिने नुसती पेज घेतली. पण दुसऱ्या दिवशी ती उठली. हिरवं नेसली, केसांत अबोलीचा गजरा माळला, आणि मंडपात सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. भाचीच्या गालाला पहिली हळद तिनेच लावली. बायकांनी गाणं धरलं तसं तिनेही धरलं, जरा बेसूरच. बाबा मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांना गाणं ऐकू येत असेल-नसेल, पण ते तिच्या ओठांकडे बघत होते, आणि इतके खूष मी त्यांना क्वचितच पाहिलंय.

लग्न लागलं, दुसऱ्या दिवशी आम्ही परतायला निघालो. निरोप द्यायला सगळं गाव अंगणात. आई पुढच्या सीटवर जाऊन बसली होती, नवं आमसूल गालात धरून. मी मागचं दार उघडत होते. बाबा सर्वांना हात जोडून, पाठ फिरवून गाडीकडे चालत येत होते. तेवढ्यात मामा घरातून आंब्यांची करंडी घेऊन धावत बाहेर आले. "भावोजी! अवो भावोजी, आंबं राह्यलं!"

बाबा चालत राहिले.

"भावोजी!" मामांनी आणखी मोठ्याने हाक दिली. अंगणातली माणसं बघायला लागली. एका म्हाताऱ्याने कपाळाला आठी घातली. जावई माजलाय, असं त्याला वाटलं असणार. बाबा अजून पाठमोरेच. गाडीत आईने मान वळवली, तोंड उघडलं, पण तिच्या तोंडात आमसूल होतं आणि मी तिच्याआधी पोचले.

"मामा, मागून हाक मारू नका," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "त्यांचं काम लोखंडाचं आहे. आमच्याकडे चालत नाही."

मामांनी जीभ चावली. "चुकलं, चुकलं," म्हणत ते करंडी घेऊन वळसा घालून बाबांच्या पुढ्यात गेले. बाबांनी वर पाहिलं, हसले, करंडी हातात घेतली. म्हाताऱ्याने समजल्यासारखी मान डोलावली.

मी आत बसले. आई मागे वळून माझ्याकडे बघत होती. मग तिने गालातलं आमसूल काढून त्याचे दोन तुकडे केले, आणि एक माझ्या हातावर ठेवला.